नरकात किती डिग्री?

नरकात किती डिग्री असतं, हा प्रश्न आमच्या घरात पहिल्यांदा निघाला तेव्हा मी पोळ्या लाटत होते आणि बाहेर पंचेचाळीस होतं. प्रश्न सासूबाईंचा होता आणि तो त्यांनी माझ्या नवऱ्याला विचारला होता, कारण आमच्या घरात हवामान हा त्याचा प्रांत. कुणा औषध कंपनीच्या माणसानं त्याला प्लास्टिकचा एक थर्मामीटर भेट दिला होता, वर गुटगुटीत बाळाचं चित्र असलेला. तो त्यानं गॅलरीत सावलीला टांगला होता. बँकेतून आला की बूट काढायच्या आधी तो गॅलरीत जाई आणि लॉटरी लागल्यासारखा आकडा जाहीर करी. दर रविवारी पुण्याच्या भावाला पत्र जाई, त्यात आठवड्याचे सगळे आकडे. पुण्यात अडतीसला लोक हाश्शहुश्श करतात, याचा त्याला मनापासून आनंद होता.

"आई, हा पन्नासपर्यंतच दाखवतो," तो म्हणाला.

"म्हणजे पन्नासच्या वर आहे," सासूबाई म्हणाल्या आणि मुकाट्यानं भात कालवायला लागल्या.

मी तेव्हाच त्यांना नीट विचारायला हवं होतं. पण लखनौच्या मे महिन्यात चौकशी करायची ताकद कुणात असते? आम्ही जानकीपुरमला वरच्या मजल्यावर भाड्यानं राहत होतो. नव्वदनंतरची ती वर्षं, जानकीपुरम तेव्हा नवं होतं, म्हणजे घरं कमी आणि विटांचे ढीग जास्त. झाडं लावलेली होती, पण ती सगळी माझ्या आठ वर्षांच्या मुलीपेक्षा बुटकी. गच्ची दिवसभर तापायची आणि ती उष्णता रात्रभर आमच्या डोक्यावर ओतायची. नळ सोडला की थेट चहाचं पाणी. लाइट जायची ती केव्हा येईल, ते विचारायचं नाही. त्यातल्या त्यात सुख म्हणजे बाहेरच्या खोलीतला कूलर. त्याला नवऱ्यानं मुद्दाम वाळ्याचे पडदे बसवून आणले होते, खस म्हणतात तिकडं. पाणी पडलं की सगळं घर वाळ्याच्या वासानं भरून जायचं. सासूबाई चैत्रात आमच्याकडे आल्या तेव्हा मी कौतुकानं त्यांचा पलंग कूलरसमोर टाकला. दुसऱ्या दिवशी बघते तर बाईंनी सतरंजी उचलून स्वयंपाकघराच्या दाराशी नेलेली. वारा सोसत नाही म्हणाल्या. मी म्हटलं, असेल.

नरकाचा विषय घरात आला तो खालच्या मजल्यावरून. आमच्या मालकीणबाईंचे सासरे नव्वदीचे होऊन वैशाखात वारले. रीतीप्रमाणे दहा दिवस त्यांच्या अंगणात पोथी लागली, मयताच्या घरी लावतात ती. पंडितजी रोज चार वाजता येत आणि मेल्यानंतर जीव कुठून कुठं जातो, वाटेत त्याचं काय काय होतं, ते अगदी स्वतः जाऊन आल्यासारखं सांगत. सासूबाई डोक्यावर पदर घेऊन जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसायच्या. त्यांचं हिंदी भाजीवाल्यापुरतं, म्हणून दुभाषी म्हणून माझी मुलगी शेजारी. सुट्टी होती, तिलाही दुसरा उद्योग नव्हता. जेवताना आम्हाला दोघींकडून त्या दिवसाचा वृत्तांत मिळायचा.

"आज वाटेत बारा सूर्य होते," सासूबाई सांगायच्या. "सावली नाही, पाणी नाही."

"आजी, बारह सूरज एक साथ कैसे निकलेंगे?" मुलगी विचारायची. आमच्या घरात आजी मराठीत बोलायची आणि नात हिंदीत, आणि दोघींचं कधी अडलं नाही.

"आत्ता इथं किती निघालेत असं वाटतं तुला?"

मुलीनं थोडा विचार केला. "तीन-चार."

"मग. बारा म्हणजे काय होईल ते बघ."

पुढं मग उकळत्या तेलाच्या कढया आल्या, तापलेल्या वाळूवरून चालणं आलं, रक्तामांसाची नदी आली. नवरा म्हणाला, तेल किती डिग्रीला उकळतं ते मी बँकेतल्या कुणाला तरी विचारून येतो. मी म्हटलं, तू आधी सिलिंडरचा नंबर लावून ये. पापांची वाटणीही तिथं ठरलेली होती, कुठल्या पापाला कुठली शिक्षा. लखनौची माणसं, त्यामुळे पंडितजी यमदूतांच्या तोंडीसुद्धा 'आइए' आणि 'चलिए' घालत. सासूबाईंना तेवढं आवडलं होतं. आपल्याकडचे यमदूत असतात तर 'चल ऊठ' म्हणाले असते, असं त्या म्हणाल्या.

नवव्या दिवशी त्या पायरीवरून लवकर उठून आल्या. जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी सराव सुरू केला.

सराव हा त्यांचाच शब्द. मी भर दुपारी दोन वाजता सगळी दारं-खिडक्या बंद करून पडले होते. उठून बघते तर सतरंजीवर सासूबाई नाहीत. जिन्याच्या अगदी वर, गच्चीच्या दारापाशी पत्र्याखाली त्या पाट टाकून बसलेल्या. बाहेर लू वाहत होती, वेल्डिंगच्या दुकानातून यावी तशी झळ येत होती. चेहरा लालबुंद.

"अहो आई, इथं काय करताय?"

"बसलेय. जायचंच आहे तिकडं, तर सवय केलेली बरी."

त्यांच्या कनवटीला मी रोज एक कांदा बांधायची, लू लागू नये म्हणून. तो काढून त्यांनी शेजारी ठेवला होता. तिकडं कांदा थोडाच देणार आहेत, म्हणाल्या. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तशी त्या दिवसांत ती तळपायाला असायचीच, मस्तकात जायला वेळ लागत नसे. मी त्यांना खाली आणलं, बोलले, नवऱ्याला सांगितलं, तो बोलला. बाई ऐकून घ्यायच्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पत्र्याखाली. पाणीही पिईनात. संध्याकाळपर्यंत एक भांडं, बस.

चौथ्या दिवशी त्या तिथंच कलंडल्या. मी आणि मालकीणबाईंनी मिळून त्यांना खाली आणलं, अंगावर ओला पंचा टाकला, कैरी उकडून तिचा गर तळपायाला चोळला, चमच्यानं मीठसाखरेचं पाणी घातलं. डॉक्टर येऊन गेले. मालकीणबाई खाली गेल्या. मग मात्र मी रडले आणि चिडलेही, दोन्ही एकदम. "तुम्हाला काही झालं असतं तर लोक मला काय म्हणाले असते? आणि असं कुठलं पाप केलंय हो तुम्ही? आयुष्यात मुंगी मारली नाहीत."

सासूबाईंनी आधी कूलर बंद करायला लावला. मग सांगितलं.

सासरे पोस्टात होते तेव्हा ही मंडळी माण भागातल्या एका गावात राहत होती. दुष्काळाचं वर्ष. टँकर तीन दिवसांतून एकदा यायचा. उद्या अक्षय्य तृतीया, म्हणून सासूबाईंनी घरातलं पाणी पुरवून पुरवून एक मातीचा हंडा भरून वेगळा काढला होता. पितरांच्या नावानं मातीचा कुंभ भरून भटजींना द्यायचा असतो त्या दिवशी. त्यात घालायला वाळा आणलेला, तोही हंड्यातच भिजत ठेवला होता. हंडा दाराआड. भर दुपारी एक बाई दाराशी आली. दुष्काळी कामावर खडी फोडणारी, हातांना चिंध्या बांधलेल्या. म्हणाली, वैनी, घोटभर पाणी द्या.

"मी म्हटलं, पाणी नाही."

हंडा झिरपत होता. दाराखालून पाण्याचा एक ओघळ बाहेर पायरीवर आला होता. त्या बाईनं त्या ओघळाकडे पाहिलं, मग सासूबाईंकडे. "बरं," म्हणाली आणि गेली.

"रागावली नाही गं. शिव्या दिल्या असत्या तर फिटलं असतं. दुसऱ्या दिवशी मी तोच हंडा भटजींना दान दिला. पाण्याचं दान मोठं म्हणतात." त्या छताकडे बघत होत्या. "तुमचा तो कूलर सुरू झाला की वाळ्याचा वास येतो. मला ती पायरी दिसते."

मी जे बोलले ते आठवलं की आजही लाज वाटते. मी म्हटलं, "अहो, साधी गोष्ट. तुम्ही उगीच राईचा पर्वत करताय. तेव्हा सगळेच तसे वागले असतील." संध्याकाळी नवऱ्यानं आपल्या परीनं समजूत घातली. शरीर इथंच जाळतात, मग तिकडं भाजायला उरतंच काय, असा त्याचा मुद्दा. थर्मामीटर लावणार कशाला? सासूबाई म्हणाल्या, "मग आत्ताच का भाजतंय मला?" आकडे पाठ असलेला माणूस उठला आणि पुन्हा गॅलरीत थर्मामीटर बघायला गेला.

उपाय सांगितला तो मालकीणबाईंनी. त्यांना सगळी गोष्ट मी सांगितली नव्हती, एवढंच म्हटलं की अम्माजींच्या मनाला पाण्याची काहीतरी रुखरुख आहे. "अरे, तो बड़े मंगल पर पिला दें," त्या म्हणाल्या. "जेठ के मंगल में प्यासे को पानी, समझिए सब कट गया।" लखनौची ही रीत मी एव्हाना पाहिली होती. ज्येष्ठातल्या प्रत्येक मंगळवारी मारुतीच्या नावानं कोपऱ्याकोपऱ्यावर मांडव पडतात. सरबत, पुरी-भाजी, बुंदी, जो येईल त्याला. चौकात जायचं तर वाटेत दहा ठिकाणी रिक्षा अडवून ग्लास हातात देतात. नको म्हणण्याची सोय नाही.

त्या वर्षीचा पहिला बडा मंगल नुकताच झाला होता. मांडव बघून सासूबाई म्हणाल्याही होत्या, "काय हौस या लोकांना. अजून वैशाख संपला नाही आणि यांनी सुरूही केलं." आम्ही हसलो होतो. तिथंच कुणीतरी थांबून विचार करायला हवा होता. पण पंचांगाच्या बाबतीत सासूबाईंना विचारणं म्हणजे सोनाराला सोनं दाखवणं. त्या येताना आपलं पंचांग वळकटीत गुंडाळून आणत. तेच बघून त्यांनी दिवस ठरवला. आधी अंगात ताकद येऊ दे, म्हणजे तिसरा नको, चौथा नको, ज्येष्ठातला अगदी शेवटचा मंगळवार. मालकीणबाई मुलांना घेऊन माहेरी गेल्या, त्यांचे यजमानही पाठोपाठ गेले. विचारायला घरात उरलं कोण?

तोवर सासूबाई व्यवस्थित जेवायला लागल्या. सराव बंद. त्या एका मंगळवारावर त्यांनी सगळं टाकलं होतं. पुढचा ज्येष्ठ कुणी पाहिलाय, म्हणायच्या. दोन मोठे माठ आणले, ते आठ दिवस मुरवले. मी कैऱ्या उकडून बादलीभर पन्हं केलं, गूळ, वेलची, थोडं केशरसुद्धा. लखनौकरांना दाखवून देऊ म्हटलं. पाण्याबरोबर द्यायला गुळाचे खडे. आदल्या दिवशी मुलीनं पुठ्ठ्यावर हिंदीत पाटी रंगवली.

मंगळवारी दहा वाजता आम्ही फाटकाबाहेर टेबल मांडलं. लाल कापड, झेंडूची माळ, मारुतीची तसबीर. पाऊस पूर्वेकडं कुठंतरी अडून बसला होता आणि उकाडा असा की माळ अकराला माना टाकून मोकळी. सासूबाई नऊवारी नेसून, हातात पळी घेऊन उभ्या.

कुणी आलं नाही.

साडेअकराला एक सायकलवाला थांबला. पन्ह्याकडे बघून म्हणाला, "कितने का गिलास, माताजी?" विकायचं नाही हे कळल्यावर तो संशयानं निघूनच गेला. मुलगी कोपऱ्यापर्यंत जाऊन आली. "मम्मी, आज और किसी ने स्टॉल नहीं लगाया। पूरी सड़क खाली है।" मला वाटलं, दुपारी लावतील. सासूबाईंना वाटलं, उत्साह संपला असेल, वैशाखात सुरू केल्यावर दुसरं काय होणार.

बाराच्या सुमाराला आमचा दूधवाला रिकामी कॅन खडखडवत परत निघाला होता. तो थांबला, पाटी वाचली, तसबिरीला नमस्कार केला आणि अतिशय अदबीनं म्हणाला, "माताजी, बड़ा मंगल तो दो हफ़्ते पहले ही निपट गया। अब तो असाढ़ लग गया।"

सासूबाई घरात गेल्या आणि पंचांग घेऊन आल्या. भर रस्त्यात, भर उन्हात त्यांनी त्याला बोट ठेवून दाखवलं: ज्येष्ठ वद्य. दूधवाल्याला मराठी येत नव्हतं, पण महिना कळत होता. त्यानं शांतपणे समजावलं. त्यांचा महिना पौर्णिमेला संपतो. आमचा अमावास्येला. म्हणजे वद्य पक्षाचे पंधरा दिवस ते पुढं, आम्ही मागं. आम्ही लखनौला इतकी वर्षं राहिलो, तिथली भाजी खाल्ली, तिथलं हिंदी बोललो, पण महिना सातारचा चालवत होतो. दूधवाल्यानं आमचं मन राखायला दोन ग्लास पन्हं घेतलं, "बहुत बढ़िया, क्या चीज़ है ये?" विचारलं आणि गेला.

सासूबाई खुर्चीवर बसल्या. रडल्या नाहीत. "तिथी चुकली," म्हणाल्या. "तिथी चुकली म्हणजे दान फुकट. आवर गं सगळं."

मला त्यांच्याकडे बघवेना. आणि बघवेना म्हणून मी चिडले. त्या पंचांगावर, दूधवाल्यावर, मारुतीवर, पहाटे चारला उठून उकडलेल्या कैऱ्यांवर. मी तरातरा आवरायला लागले. माळ तोडली, पाटी उलटी टाकली, माठाच्या तोंडावर फडकं घट्ट बांधलं. तेवढ्यात मागून आवाज आला.

"दीदी, पानी मिल जाएगा?"

समोरच्या प्लॉटवर घराचं काम चाललं होतं. तिथं विटा वाहणारी बाई. डोक्यावर चुंबळ तशीच, भुवयांवर सिमेंट. मी वर बघितलंही नाही.

"नहीं है," मी म्हटलं. "बंद हो गया।"

माठ मुरलेला होता, चांगला पाझरत होता. टेबलावरून पाण्याची धार खाली मातीत पडत होती आणि तिथं ताटाएवढा चिखल झाला होता. त्या बाईनं चिखलाकडे बघितलं. मग माझ्याकडे.

"अच्छा," ती म्हणाली आणि वळली.

मी सासूबाईंकडे पाहिलं. त्या खुर्चीवरून उठल्या होत्या. उघड्या डोक्यानं, अनवाणी, तापल्या रस्त्यावरून त्या बाईमागं धावल्या, सत्तरीची बाई, आणि भाजीवाल्यापुरत्या हिंदीत ओरडल्या, "ए बाई, रुको। है। पानी है। बहुत है।"

तिला हाताला धरून आणली. फडक्याची गाठ मीच घट्ट मारलेली, ती सुटेना, मी दातांनी सोडवली. ती बाई ओंजळीनं प्यायली. एक तांब्या, दोन तांबे, तिसरा डोक्यावर ओतून घेतला. मग प्लॉटकडे तोंड करून तिनं हाक मारली आणि गवंडी, बिगारी, बायका, सगळे आले. माठ संपले, कोपऱ्यावरच्या हातपंपावरून पुन्हा भरले. पन्हं संपलं. पहिली बाई गुळाचा खडा चघळत टेबलाच्या सावलीत बसली होती. ती म्हणाली, "बड़े मंगल पर तो हर मोड़ पर पिला रहे थे। पेट में जगह नहीं थी। आज सुबह से कोई नहीं था।"

मुलीनं याचं मराठी करून सांगायला तोंड उघडलं. सासूबाई म्हणाल्या, "कळलं मला."

संध्याकाळी नवरा आला, गॅलरीत गेला आणि सेहेचाळीस म्हणाला. दरवेळी सासूबाई 'आणि तिकडं?' असं विचारायच्या. त्या दिवशी विचारलं नाही. तळपायाला फोड आले होते, त्यांवर मी तूप लावत होते. लावून झाल्यावर त्यांनी आपली सतरंजी उचलली, बाहेरच्या खोलीत कूलरसमोर टाकली आणि वाळ्याच्या वासात घोरायला लागल्या.

मी मात्र जागी. महिनाभर मी त्यांना समजावत होते की साधी गोष्ट आहे, राईचा पर्वत करू नका. साधीच होती. माझ्या तोंडून किती सहज आली. विचारसुद्धा करावा लागला नाही. आणि ते 'अच्छा' काही केल्या कानातून जाईना.

दुसऱ्या दिवशी दुपारी सासूबाई गाढ झोपल्या होत्या. मी माठ धुतले, भरले आणि फाटकाबाहेर टेबलावर नेऊन ठेवले. वर फडकं टाकलं, बांधलं नाही. मंगळवार नव्हता. बुधवार होता.